साडेबारा टक्के

आमच्या मुर्धा-राईकडच्या आगरी घरांत दि. बा. पाटलांचं नाव घरच्या थोरल्या माणसासारखं घेतात. माणूस उरणच्या जासईचा, १३ जानेवारी १९२६चा जन्म. वकील झाले, पनवेलमधून पाच वेळा आमदार, दोनदा खासदार.

नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. मोबदल्याचा पैसा घरात किती दिवस टिकतो? लग्नाकार्यात उडतो. दि.बां.चं म्हणणं, भाव हवाच, पण पोराबाळांना उभं राहायला त्याच जमिनीतला वाटाही हवा. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला गोळीबारात पाच शेतकरी गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

आमच्याकडं जमीन गुंठ्यागुंठ्यानं बिल्डरकडं गेली. १९८५ला नगरपालिका, २००२ला महानगरपालिका; भातखाचरं बघता बघता संपली. भांडायचं कुणाशी? कागदावर सही आपल्याच बापाची. असा लढा इथं उभा राहिला नाही तो त्यामुळंच, असं मला वाटतं.

२४ जून २०१३ला, ८७व्या वर्षी दि. बा. गेले. तिकडचे सोयरे लग्नाला आले की आपसात आधी विचारतात, "तुमचा प्लॉट लागला का रं?" आम्ही पंगतीत गुमान जेवतो.