क्षयाची औषधे : समजावून की नजरेखाली?

१९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न सरळ होता : आरोग्यधामात खाट न मिळालेला रुग्ण घरीच औषधे घेऊन बरा होईल काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा हा संयुक्त उपक्रम होता. आयसोनियाझिड आणि पॅस ही दोन औषधे एका गटाला आरोग्यधामात, तर दुसऱ्या गटाला शहरातल्या दाटीवाटीच्या घरांत वर्षभर देण्यात आली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग आटोक्यात आलेल्यांचे प्रमाण आरोग्यधामात ९२ टक्के, घरी ८६ टक्के. विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा यांवरची जुनी श्रद्धा या आकड्यांनी डळमळीत केली.

ही यशोगाथा बहुधा इथेच थांबवली जाते. अडचण मात्र इथूनच सुरू झाली. आरोग्यधामात परिचारिका औषध हाती देई. घरी ते काम रुग्णाचे व त्याच्या माणसांचे झाले. पॅसची रोजची मात्रा कित्येक ग्रॅमची, वर मळमळ आणणारी. काही आठवड्यांत ताप उतरे, खोकला कमी होई आणि औषध घेण्याचे कारणच रुग्णाच्या दृष्टीने संपे. केंद्राचे कर्मचारी पूर्वसूचना न देता घरी जात, उरलेले औषध मोजत, लघवीचा नमुना तपासून औषध पोटात गेले की नाही याची खात्री करत.

रुग्णाला सांगायचे होते ते मुळात गणित होते. फुप्फुसातल्या एका पोकळीत सुमारे १० कोटी जंतू असू शकतात. त्यांतल्या दर १० लाखांमागे साधारण एक आयसोनियाझिडला जन्मतःच दाद देत नाही. म्हणजे पहिली गोळी घेण्यापूर्वीच शंभरेक प्रतिरोधी जंतू तिथे हजर असतात. एकटे आयसोनियाझिड बाकीच्यांना मारून या शंभरांना रान मोकळे करून देते. दुसरे औषध त्यांच्यासाठी असते. मळमळ होते म्हणून दोहोंपैकी एक वगळणारा रुग्ण अर्धे उपचार घेत नसतो, प्रतिरोधी जंतूंची निवड करत असतो. शिवाय काही जंतू जवळजवळ निद्रिस्त असतात. ते सावकाश मरतात, म्हणून बरे वाटल्यावरही औषध महिनोन् महिने चालू ठेवावे लागते.

मद्रासने पुढे दुसरा मार्गही शोधला. आठवड्यातून दोनदा, कर्मचाऱ्यासमोर दिलेली औषधे घरी रोज स्वतः घेतलेल्या औषधांपेक्षा उणी ठरत नाहीत, हे १९६४ मध्ये तिथे दिसले. देखरेखीचे हेच सूत्र १९९७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाचा कणा झाले. त्याने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. पण समोर गिळलेल्या गोळीची नोंद वहीत होते. ती कशासाठी, हे सांगितल्याची होत नाही. पाहणे सोपे पडले, तसे समजावणे मागे पडले.

हे दुर्लक्ष महागात पडते. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते. आधी सांगितले नसेल, तर रक्त जाते आहे या भीतीने रुग्ण औषध सोडतो. सांगितले असेल, तर जी खात्री करायला मद्रासच्या प्रयोगशाळेला रसायन लागे, ती घरच्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी होते. मात्र डोळे पिवळे पडले व उलट्या होऊ लागल्या, तर तो यकृताला इजा झाल्याचा इशारा असू शकतो. तेव्हा ताबडतोब डॉक्टर गाठायला हवा. हा फरक घरातल्या एकाला तरी ठाऊक असावा लागतो.

आणि सोबतची ती ‘ब६’ची छोटी गोळी. नुसते जीवनसत्त्व समजून ती सर्वांत आधी टाळली जाते. आयसोनियाझिड शरीरातले ब६ जीवनसत्त्व निकामी करून बाहेर टाकायला लावते. ते घटले की तळपायांना मुंग्या येतात, आग होते. रुग्ण त्याचा दोष क्षयाच्या औषधाला देतो आणि तेच बंद करतो.