उंदराच्या गर्भाचा आहार

मातेच्या उदरांत गर्भाला काय मिळतें, हा प्रश्न विचारण्यास सोपा, पण उत्तरास मोठा अवघड आहे. त्याचें उत्तर शोधणाऱ्यांची परीक्षा उंदराच्या सूक्ष्म गर्भानें कशी पाहिली, ती हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

१९४९ सालीं इंग्लंडांत जॉन हॅमंड यांनीं कोंबडीच्या अंड्यांतील द्रव्यें क्षारजलांत मिसळून त्यांत उंदराचे गर्भ ठेविले. आठ पेशींचे गर्भ वाढले. दोन पेशींचे वाढेनात. अशा मिश्रणाचा दोष हा कीं, गर्भ जगला तरी तो कशानें जगला, हें कळत नाहीं. १९५६ सालीं कॅनबेरा येथें वेस्ली व्हिटन यांनीं मोजके क्षार, ग्लुकोज व गाईच्या रक्तांतील अल्ब्युमिन एवढ्यांवरच आठ पेशींचे गर्भ वाढविले. पुढल्या वर्षीं त्यांनीं लॅक्टेट घातलें, तेव्हां दोन पेशींचेहि गर्भ वाढीस लागले.

परंतु कांचेंतील ही वाढ खरी कीं नुसता आभास? १९५८ सालीं लंडनमध्यें अ‍ॅन मॅक्लारेन व जॉन बिगर्स यांनीं व्हिटनच्या द्रवांत वाढविलेले गर्भ दुसऱ्या माद्यांच्या उदरांत ठेविले, आणि यथाकाल जिवंत पिलें जन्मलीं. शंका मिटली.

पुढें १९६७ सालीं बिगर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, पहिल्या विभाजनास पायरूव्हेट लागतें; नुसत्या ग्लुकोजवर तें होत नाहीं. आपण जिला शक्तीचें मूळ मानतों, ती साखर नवजात जीवाला अद्याप पचत नाहीं! तरीहि पुष्कळ वाणांचे गर्भ दोन पेशींवरच अडत. १९८९ सालीं शॅटो, झिओमेक व बॅव्हिस्टर यांनीं आरंभींच्या आहारांतून ग्लुकोज वगळून ग्लुटामिन व इडीटीए घातलें, तेव्हां ती अडचण सुटली. म्हणजे केवळ भर घालून नव्हे, तर कांहीं काढून घेतल्यानेंहि वाट मोकळी झाली.

येथें कथा संपली असती तर बरें होतें. २००० सालीं असें आढळलें कीं, व्हिटनच्या द्रवांत वाढलेल्या गर्भांत एच१९ हें जनुक, जें मातेकडून आलेल्या प्रतीनेंच कार्य करावयाचें, तें पित्याकडील प्रतीनेंहि कार्य करूं लागतें. अमिनो आम्लें घातलेल्या केएसओएम या नव्या द्रवांत मात्र मर्यादा पाळली जाते. जगणें आणि यथास्थित जगणें यांतील अंतर तें हेंच. मानवी गर्भांसाठीं वापरले जाणारे द्रव पुष्कळ अंशीं या उंदरांच्या द्रवांवरूनच बेतलेले आहेत. म्हणून हें अंतर मोजण्याचें काम केवळ उंदरांपुरतें उरत नाहीं, असें आम्हांस वाटतें.