सायकल कुणाच्या मापाची?

इंग्लंडमध्ये १८७० च्या दशकात उंच पुढच्या चाकाची सायकल धावत होती. ती घेताना गिऱ्हाइकाच्या पायाची आतल्या बाजूची लांबी पाहावी लागे. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असे, त्यामुळे जेवढा पाय लांब तेवढेच चाक मोठे घेता येई. ५० इंची चाक एका फेऱ्यात सुमारे ४ मीटर पुढे जाई, ६० इंची चाक पावणेपाच मीटरच्या किंचित पुढे. लांब टांगांचा माणूस केवळ टांगा लांब म्हणून वेगवान ठरे. सायकल आणि शरीर यांचे माप इतके थेट पुन्हा कधी जुळले नाही.

जॉन केम्प स्टार्ली याने कॉव्हेंट्रीत १८८५ मध्ये आणलेल्या ‘रोव्हर’ने हा संबंध तोडला. साखळीमुळे चाक लहान ठेवूनही वेग मिळू लागला, दोन्ही चाके जवळजवळ सारखी झाली, आणि पुढच्या काही वर्षांत नळ्यांचा तो चौकटीच्या एक्क्यासारखा सांगाडा स्थिरावला. शिंप्याकडचा कपडा जाऊन तयार कपडा यावा तसे हे झाले. फ्रेम ठरावीक मापांत निघणार; उरलेला फरक सीट वर-खाली करून आणि हँडल पुढे-मागे करून भरायचा. आजही दुकानात सायकल निवडताना आपण हाच फरक मोजत असतो. मात्र हा सांगाडा निसर्गनियमासारखा अटळ आहे असे जे वाटते, ते खरे नाही. एका टप्प्यावर तो नियमाने लादला गेला, आणि त्याचे कारण होते हवा.

सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक सगळी ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. वेग वाढवायचा तर लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. या हवेच्या अडथळ्यात सायकलचा वाटा लहान असतो. सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक अडथळा स्वाराच्या शरीराचा असतो. म्हणजे वेगवान सायकल बनवायची तर नळ्या चपट्या करण्याआधी माणूस कसा बसतो हे बदलायला हवे.

शार्ल मोशे या फ्रेंच कारागिराने हेच केले. पायडलवर चालणाऱ्या छोट्या गाड्या बनवता बनवता त्याने माणसाला पाठीवर रेलून, पाय पुढे करून बसवणारी दुचाकी तयार केली. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर हा दुय्यम श्रेणीचा समजला जाणारा स्पर्धक तिच्यावर बसला आणि तासाभरात ४५.०५५ किलोमीटर गेला. ऑस्कर एगचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून कुणाला मोडता आला नव्हता. महिन्या-दोन महिन्यांत मोरिस रिशारने नेहमीच्या सायकलवर ४४.७७७ किलोमीटर केले, आणि आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघापुढे पेच उभा राहिला: खरा विक्रमवीर कोण?

१९३४ मध्ये महासंघाने रिशारच्या बाजूने कौल दिला. त्यासाठी सायकल म्हणजे काय याची व्याख्या सेंटिमीटरमध्ये करावी लागली. पायडलचा मधला आस जमिनीपासून २४ ते ३० सेंटिमीटरच असावा, सीटचे टोक त्या आसाच्या फार तर १२ सेंटिमीटर मागे असावे, वगैरे. ही मापे कुणाच्याही शरीराचा अभ्यास करून काढलेली नव्हती. मोशेची सायकल बाहेर राहील आणि नेहमीची आत येईल अशी ती रेषा होती. मोशे त्याच वर्षी वारला. फोर तरीही थांबला नाही. १९३९ मध्ये कवच घातलेल्या तशाच सायकलवर त्याने तासाला ५० किलोमीटरची मर्यादा ओलांडली, पण अधिकृत विक्रमांच्या यादीत तिला जागा नव्हती.

चौकोनी सांगाडा असा पक्का झाला, आणि वसाहतींमध्येही तोच पोहोचला. आपल्याकडच्या काळ्या सायकलींची २२ आणि २४ इंची फ्रेम ही त्याच घराण्यातली. पायगाडी हा शब्द मराठीत रुळला त्या काळापासून पुढे कित्येक पिढ्यांची पोरे वडिलांच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून, अंग वाकडे करून अर्धे पायडल मारत शिकली. माप न जुळणाऱ्या फ्रेमशी शरीर किती तडजोड करू शकते, याचा तो रोजचा प्रयोगच म्हणायचा.

पुढची पन्नास वर्षे बैठकीचे शास्त्र या सांगाड्याच्या आतच वाढले. १९६७ मध्ये हॅम्ली आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांनी सीटची उंची पायाच्या आतल्या लांबीच्या १०९ टक्के असावी, असा निष्कर्ष काढला. ही उंची पायडल सर्वांत खाली असताना तिथपासून मोजायची. फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि त्याचा शिष्य ग्रेग लेमाँड यांचा ०.८८३ हा गुणक अजूनही सांगितला जातो; तो मधल्या आसापासूनच्या उंचीचा. दोन्ही सूत्रे पायांची आहेत. धड किती लांब, कंबर किती वाकते, यावर ती गप्प आहेत, आणि हवेचा प्रश्न तर तिथेच आहे.

तो प्रश्न पुन्हा पुढे आणला तो एका स्कीइंग प्रशिक्षकाने. उतारावर स्कीपटू हात पुढे जुळवून अंग चोरून घेतो, तसे सायकलवर का नाही, असा विचार करून बून लेननने १९८७ च्या सुमारास कोपर टेकवायचे पुढे आलेले हँडल तयार केले. १९८९ च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी, व्हर्सायहून पॅरिसपर्यंतच्या २४.५ किलोमीटरमध्ये, ५० सेकंदांनी मागे असलेल्या लेमाँडने असेच हँडल वापरले. लोराँ फिन्यों नेहमीच्या हँडलवर, उघड्या डोक्याने, केसांची शेंडी उडवत धावला आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटरची ती शर्यत ८ सेकंदांनी हरला. त्या हँडलविना काय झाले असते याचा हिशेब लोक अजून मांडतात. मला त्यात फारसा रस नाही. महत्त्वाचे हे की फ्रेमपेक्षा बैठक मोठी ठरली.

पण नुसते हँडल बदलून भागत नाही. धड खाली गेले की मांडी आणि पोट यांच्यातला कोन मिटतो, गुडघा छातीकडे येतो, ताकद आणि श्वास दोन्ही अडतात. यावर अमेरिकेत डॅन एम्पफील्डने ट्रायथलॉनसाठी उपाय काढला. त्याने सीटची नळी नेहमीच्या ७३ अंशांऐवजी सुमारे ८० अंशांवर उभी केली. अख्खा माणूस मधल्या आसाभोवती पुढे फिरवला, म्हणजे धड खाली जाऊनही कमरेचा कोन तेवढाच राहिला. या विषयात यापेक्षा साधी आणि यापेक्षा उपयोगी युक्ती मला माहीत नाही.

रस्त्यावरच्या स्पर्धांना ती मोकळेपणी मिळाली नाही, आणि इथे ग्रॅम ओब्री येतो. या स्कॉटिश माणसाने स्वतःच्या हाताने सायकल बनवली. तिच्यात धुलाई यंत्राचे बेअरिंग होते, वरची नळी गुडघ्यांना लागू नये म्हणून काढून टाकलेली होती, आणि हात छातीखाली दुमडून बसायची सोय होती. जुलै १९९३ मध्ये नॉर्वेतल्या हामार इथे तो तासाला ५१.५९६ किलोमीटर गेला. आदल्या दिवशीच त्याचा प्रयत्न फसला होता, हे लक्षात घेतले की त्या पायांचे नवल वाटते. सहाच दिवसांनी क्रिस बोर्डमनने त्याला मागे टाकले. एप्रिल १९९४ मध्ये ओब्रीने विक्रम परत घेतला. त्याच वर्षी पालेर्मोच्या जागतिक स्पर्धेत त्याची बैठक बाद ठरली. मग त्याने हात सरळ पुढे ताणण्याची दुसरी बैठक काढली आणि १९९५ मध्ये जगज्जेता झाला. तीही पुढे बंद झाली.

१९९६ च्या लुगानो सनदेत महासंघाने यंत्रापेक्षा माणूस श्रेष्ठ हे तत्त्व मांडले. तत्त्वाला कोण नाही म्हणेल? पण त्याच्या नावाखाली आलेली मापे पाहा. सीटचे टोक मधल्या आसाच्या निदान ५ सेंटिमीटर मागे हवे, असे तेव्हा ठरले. १९३४ मध्ये सीट फार मागे जायला बंदी होती, या वेळी फार पुढे जायला. ओब्रीची सायकल एका माणसाने स्वतःच्या देहाचा विचार करून घडवली होती. तिलाच यंत्राचा अतिरेक ठरवणे मला तरी उलटे वाटते. सन २००० मध्ये एडी मर्क्सच्या १९७२ सालच्या सायकलसारख्याच सायकलवर बोर्डमनने विक्रम केला तेव्हा तो मर्क्सच्या पुढे केवळ १० मीटर गेला: ४९.४४१ किलोमीटर. चार वर्षांपूर्वी मँचेस्टरमध्ये, ओब्रीच्याच दुसऱ्या बैठकीत, तोच माणूस ५६.३७५ किलोमीटर गेला होता.

आज दुकानात मिळणारी एअरो रोड बाइक या इतिहासाची वारस आहे. चपट्या नळ्यांची रस्त्यावरची सायकल लोकांपर्यंत नेण्यात सर्व्हेलो या कॅनेडियन कंपनीच्या ‘सोलोइस्ट’चा मोठा वाटा होता. तिची आणि तिच्यानंतरच्या बहुतेक सायकलींची मापे महासंघाच्या चौकटीतली आहेत: सीटची नळी ७३ अंशांच्या आसपास, हँडल खाली. म्हणजे खाली वाकण्याची किंमत कमर देते. ज्याला ती बैठक दहा मिनिटांपेक्षा जास्त टिकवता येत नाही, तो उठून बसतो आणि चपट्या नळ्यांनी वाचवलेली ताकद छातीने हवेत घालवतो.

म्हणून ५४ किंवा ५६ या आकड्यावर विसंबू नये. तो प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. वरच्या नळीची लांबीही फसवते, कारण सीटची नळी एका अंशाने उभी केली की सीट एक-सव्वा सेंटिमीटर पुढे सरकते आणि तक्त्यातली लांबी बदलते. हँडल तिथेच असते. एम्पफील्डने पुढे आणलेली स्टॅक आणि रीच ही मापे जास्त प्रामाणिक आहेत. मधल्या आसापासून हँडलच्या नळीचे वरचे तोंड किती उंच तो स्टॅक, किती पुढे तो रीच. तरी ती एकत्रच वाचावी लागतात. समजा दोन फ्रेमचा रीच ३९० मिलिमीटरच आहे, पण स्टॅक एकीचा ५६० आणि दुसरीचा ५८५. पहिलीचे हँडल २५ मिलिमीटर वर आणायला चकत्या घातल्या, तर नळी तिरकी असल्याने ते सुमारे ८ मिलिमीटर मागे येते. म्हणजे ज्या उंचीवर तुम्ही खरोखर बसणार, तिथे दुसरी सायकल ८ मिलिमीटरने लांब आहे.

ठेंगण्या माणसाची अडचण वेगळी. चाक सगळ्यांना एकच, त्यामुळे लहान फ्रेममध्ये पुढचे चाक पायाच्या बोटांना लागू नये म्हणून फ्रेम पुढे लांबवतात किंवा कोन बिघडवतात. अमेरिकेत जॉर्जिना टेरीने १९८५ मध्ये पुढे २४ इंची लहान चाक लावून उंचीने कमी असलेल्या स्त्रियांसाठी सायकली विकायला सुरुवात केली. एअरो सायकलींनी तिचा धडा घेतलेला दिसत नाही. उलट त्यांच्या अनेक महागड्या नमुन्यांत हँडल आणि त्याचा दांडा एकसंध असतो, ब्रेकच्या नळ्या त्याच्या पोटातून जातात. १० मिलिमीटर आखूड दांडा लावायचा तर अख्खे हँडल बदलावे लागते, पुष्कळदा ब्रेकच्या नळ्या सोडवून त्यांत पुन्हा तेल भरावे लागते. हे काम विक्रीच्या किमतीत करून देणार का, हे पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारून घ्यावे.