रडवलं म्हणून दंड! ग्रीक शोकांतिका ते किंग लिअर

आज गोष्ट सांगते एका नाटककाराला झालेल्या दंडाची. त्याचा गुन्हा काय? तर त्याने प्रेक्षकांना रडवलं.

गाव अथेन्स. इ.स.पू. 494 मध्ये पर्शियन फौजेने मिलेटस हे ग्रीक शहर उद्ध्वस्त केलं. मिलेटस आणि आसपासच्या ग्रीक शहरांनी पर्शियाविरुद्ध बंड केलं, तेव्हा अथेन्सने 20 जहाजं पाठवली होती, पण पुढे हात काढून घेतला. म्हणजे जखम ताजी, आणि मनात टोचणीही. अशात फ्रिनिकस नावाच्या नाटककाराने थेट मिलेटसच्या पाडावावर नाटक केलं. हेरोडोटस सांगतो, की अख्खं प्रेक्षागृह रडलं. मग अथेन्सने फ्रिनिकसला 1,000 ड्राख्मा दंड ठोकला, वर हे नाटक पुन्हा कुणी करायचं नाही असा हुकूम काढला. त्याच शतकाच्या अखेरीस कसबी कारागिराची रोजची मजुरी साधारण एक ड्राख्मा होती. करा हिशोब!

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. शोकांतिका बघायला जायचं आणि रडू आलं म्हणून दंड करायचा? पण हेरोडोटसने कारणही दिलंय. दुःख त्यांच्या घरचं होतं. फार जवळचं.

आता पुढे या. इ.स.पू. 480 मध्ये पर्शियन फौजेने खुद्द अथेन्स जाळलं, आणि त्याच वर्षी सलामिसच्या आरमारी लढाईत ती हरली. आठ वर्षांनी, 472 मध्ये, एस्किलसने यावर नाटक लिहिलं. हा माणूस स्वतः मॅरेथॉनच्या लढाईत लढलेला, त्याचा भाऊ तिथेच पडलेला. पण नाटक घडतं कुठे? शत्रूच्या राजधानीत! रंगमंचावर एकही ग्रीक पात्र नाही. मुलाची वाट बघणारी राजमाता, पराभवाची बातमी आणणारा दूत, शेवटी फाटक्या कपड्यांत परतलेला राजा झर्कसिस. विजयाचा अभिमान नाटकात आहेच, पण रडतोय तो शत्रू. आणि या नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं.

मला वाटतं, ग्रीक शोकांतिकेची सगळी युक्ती इथे दिसते. दुःख दाखवायचं, पण हातभर लांब ठेवून. बहुतेक नाटकं जुन्या पुराणकथांवर असायची. इडिपसने नकळत बापाला मारलं, आईशी लग्न केलं, हे प्रेक्षकाला आधीच माहीत. आपल्या भाषेत, स्पॉइलर घरूनच घेऊन यायचे! ताण असतो तो इडिपसला ते कधी आणि कसं कळतं याचा. तो स्वतःचे डोळे फोडतो, तेही आत, महालात. आपल्याला सेवक बाहेर येऊन सांगतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोरस. आधी 12, नंतर 15 जणांचा गट. गाणारा, नाचणारा, घाबरणारा, हळहळणारा. ते गावचे लोक असतात, वृद्ध असतात, कधी गुलाम बायका. नायकावर आभाळ कोसळलं तरी तो एकटा नसतो, आणि बघणारे आपणही नसतो.

आता दोन हजार वर्षं उडी मारू. लंडन, 1606. शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’. म्हातारा राजा मुलींना राज्य वाटून देतो आणि रस्त्यावर येतो. लिअरची गोष्टही लोकांना माहीत होती, पण जुन्या नाटकात त्याला राज्य परत मिळतं आणि धाकटी मुलगी जिवंत राहते. शेक्सपिअरने शेवटच बदलला. लिअर मेलेल्या कॉर्डेलियाला हातांवर घेऊन येतो. इथे डोळे फोडतात तेही आपल्यासमोर, रंगमंचावर. आणि कोरस? नाहीच. वादळात ओरडणारा म्हातारा, सोबत दोन-तीन माणसं. हातभर अंतर संपलं.

मग काय झालं? 1681 मध्ये नेहम टेट नावाच्या लेखकाने शेवट पुन्हा गोड केला. कॉर्डेलिया वाचते, तिचं लग्न ठरतं, विदूषक गायब. इंग्लंडच्या रंगभूमीवर जवळपास दीडशे वर्षं हाच लिअर चालला! सॅम्युअल जॉन्सनसारखा जाडजूड शब्दकोश लिहिणारा विद्वान म्हणतो, की कॉर्डेलियाच्या मृत्यूने त्याला इतका धक्का बसला, की संपादन करायची वेळ येईपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचवले नाहीत. 1838 मध्ये मॅक्रेडी या नटाने शेक्सपिअरचा लिअर, विदूषकासकट, रंगमंचावर परत आणला.

म्हणजे बघा, अथेन्सने नाटकच बंद केलं आणि लंडनने शेवट बदलला. अडचण दोघांची एकच, दुःख फार जवळ आलं.

मग शोकांतिका बघायचीच कशाला? ॲरिस्टॉटल म्हणतो, करुणा आणि भीती जागवून त्या भावनांचं विरेचन व्हावं म्हणून. मला त्याचं उत्तर आजीमुळे कळलं. लिअरची सावली असलेलं शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ तिने तीनदा पाहिलंय. अप्पासाहेब बेलवलकरांचं काय होणार हे तिला पाठ आहे. मी विचारलं, “मग परत का जायचीस गं?” ती म्हणाली, “घरी एकटीनं रडलं तर लोक विचारतात काय झालं. तिथं सगळेच रडतात.”

आजीने ग्रीक नाटकाचं नावही ऐकलेलं नाही. पण कोरस म्हणजे काय, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

तुम्ही शेवटचं चारचौघांत कधी रडलात? हेडफोन काढून जरा आठवा. पुढच्या भागात भेटूच!