हॉटेलापेक्षा वयाने मोठे संग्रहालय

१/
टोकियोच्या तोरानोमोन भागात ‘द ओकुरा टोकियो’ हे आलिशान हॉटेल आहे. त्याच्या उंच मनोऱ्यांसमोर चिनी धाटणीच्या छपराची एक लहानशी इमारत दिसते. पाहुण्यांना ती हॉटेलने शोभेसाठी बांधली असावी असे वाटते. इतिहास नेमका उलट आहे. संग्रहालय १९१७ चे, हॉटेल १९६२ चे.

२/
१८६८ नंतर मेइजी राजवटीने शिंतो आणि बौद्ध उपासना वेगळ्या करण्याचा आदेश काढला. त्यातून अनेक बौद्ध मंदिरांची मोडतोड झाली, मूर्ती व चित्रे कवडीमोलाने विकली गेली आणि परदेशी गेली. हा ठेवा विकत घेऊन देशातच राखणाऱ्यांपैकी एक होते ओकुरा किहाचिरो (१८३७–१९२८).

३/
किहाचिरो संत नव्हते. त्यांच्या संपत्तीचा पाया बंदुकांच्या व्यापारात होता. ज्या यादवीतून मेइजी राजवट स्थिरावली, तिनेच त्यांची भरभराट केली. पुढे १९१७ मध्ये त्यांनी आपला संग्रह, जागा आणि निधी एका न्यासाच्या स्वाधीन केला. ‘ओकुरा शुकोकान’ हे जपानमधील पहिले खासगी संग्रहालय मानले जाते.

४/
१ सप्टेंबर १९२३. कांतो भूकंप व त्यानंतरच्या आगीत संग्रहालयाचे दालन आणि त्यात मांडलेल्या वस्तू नष्ट झाल्या. कोठारात बंद असलेल्या वाचल्या. लोकांना दाखवण्यासाठी बाहेर काढलेलेच नेमके गेले!

५/
या आपत्तीची झळ महाराष्ट्राच्या वारशालाही लागली. चित्रकार आराई काम्पो यांनी अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. टोकियोच्या विद्यापीठात ठेवलेल्या त्या प्रतिकृतीही याच भूकंपात नाहीशा झाल्या.

६/
एवढे गमावूनही किहाचिरो यांनी संग्रह पुन्हा कुलूपबंद केला नाही. वास्तुविशारद इतो चूता यांच्याकडून त्यांनी नवी, भक्कम इमारत उभारून घेतली. १९२८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. त्याच वर्षी किहाचिरो यांचे निधन झाले.

७/
पुत्र किशिचिरो यांचा ओढा समकालीन ‘निहोंगा’कडे होता. पाश्चात्त्य तैलचित्रांहून वेगळेपण दाखवण्यासाठी मेइजी काळात रूढ झालेले हे नाव. खनिजांची पूड, शिंपल्यांचे पांढरे चूर्ण आणि प्राण्यांपासून काढलेला सरस यांनी रेशमावर किंवा कागदावर ही चित्रे रंगवतात.

८/
१९३० मध्ये मुसोलिनीच्या इटलीत, रोम येथे जपानी चित्रांचे भव्य प्रदर्शन भरले. खर्च किशिचिरो यांचा, नेतृत्व चित्रकार योकोयामा ताइकान यांचे. चित्रे जपानी घरातल्यासारखीच पाहिली जावीत म्हणून जपानी सुतारांकडून दालनांत ‘तोकोनोमा’ कोनाडे बांधवून घेतले गेले.

९/
हेच ताइकान १९०३ मध्ये कोलकात्यात ठाकूर घराण्याच्या सहवासात होते. अवनींद्रनाथांची धूसर, धुतल्यासारख्या रंगांची शैली घडण्यात त्या भेटीचा वाटा आहे. रोमसाठी त्यांनी ‘योझाकुरा’ रंगवले: सहा घड्यांच्या दोन पडद्यांवर, मशालींच्या उजेडात उजळलेल्या रात्रीच्या चेरीचा बहर. ते आज शुकोकानमध्ये आहे.

१०/
दुसऱ्या महायुद्धानंतर बड्या उद्योगघराण्यांची साम्राज्ये मोडली गेली. किशिचिरो यांची सत्ता गेली, पण न्यासाचे संग्रहालय राहिले. पुढे त्याच आवारात हॉटेल उभे राहिले. २०१५ मध्ये हॉटेलची जुनी मुख्य इमारत पाडली गेली. संग्रहालयाची इमारत मात्र न मोडता, अखंड उचलून काही मीटर सरकवण्यात आली आणि २०१९ मध्ये पुन्हा खुली झाली.

११/
प्रकाशाने अशी चित्रे झिजतात, म्हणून ती थोडा काळच बाहेर येतात. दाखवावे तर धोका, लपवावे तर अर्थ नाही. बंदुकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या घराचे मोठेपण कशात? १९२३ ची राख पाहूनही त्याने दार पुन्हा उघडले, यात.