पाऱ्याविना ऊतिपरीक्षा

शरीरातून काढलेल्या ऊतीच्या तुकड्यातील पेशी थोड्याच वेळात आपल्याच विकरांमुळे विघटित होऊ लागतात. म्हणून तो तुकडा तातडीने स्थिरीकारक द्रावणात बुडवतात. मग त्याचा मेणात ठोकळा करून, पातळ काप घेऊन व रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते. गाठ साधी की कर्करोगाची, या निर्णयाचा पाया पहिल्या पायरीतच घातला जातो.

जर्मन वैद्य फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ मध्ये पुढे आणलेले फॉर्मलिन हे आजही सर्वाधिक प्रचलित स्थिरीकारक आहे. मात्र अस्थिमज्जा व लसिका ग्रंथींसाठी मर्क्युरिक क्लोराइडयुक्त 'झेंकर', 'हेली' आणि 'बी-५' ही द्रावणे अनेक दशके पसंत केली गेली. त्यांत पेशीकेंद्रकाची बारीक रचना रेखीव दिसते व लिम्फोमाच्या निदानास मदत होते.

या रेखीवपणाची किंमत मोठी होती. मर्क्युरिक क्लोराइड त्वचेवाटेही शोषले जाते व मूत्रपिंडांना इजा करते. ते धातूची उपकरणे गंजवते. कापांवर त्याचे काळपट कण राहतात. ते आयोडिन व हायपोने काढावे लागतात. मोरीत ओतलेला पारा सांडपाणी प्रक्रियेत नष्ट होत नाही. पाण्यात सूक्ष्मजीव त्याचे मिथिल मर्क्युरी करतात व ते माशांत साठते. कारखान्याच्या सांडपाण्यातील अशाच पाऱ्याने जपानमधील मिनामाटात केलेला अनर्थ १९५६ मध्ये उघडकीस आला.

अमेरिकेत बोस्टनच्या सांडपाणी प्राधिकरणाने पाऱ्यावर कडक मर्यादा घातल्याने १९९० च्या दशकात तेथील रुग्णालयांना आपल्या प्रयोगशाळांत पारा शोधावा लागला. १९९८ मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्था व रुग्णालय संघटनेने २००५ पर्यंत रुग्णालयीन कचऱ्यातून पारा जवळपास हद्दपार करण्याचा करार केला.

पर्याय ठरले ते जस्ताचे क्षार मिसळलेले फॉर्मलिन. अस्थिमज्जेसाठी त्यात ॲसेटिक आम्लही घालतात. फॉस्फेट बफर मात्र त्यात चालत नाही. जस्ताचा साका तळाशी बसतो. पाराविरहित द्रावणांचा आणखी एक लाभ आहे. 'बी-५'मध्ये ठेवलेल्या ऊतीतून जनुकीय चाचणीसाठी चांगला डीएनए मिळणे कठीण जाते.

बदल करताना एकाच नमुन्याचे दोन भाग करून जुन्या व नव्या द्रावणांची तुलना करणे इष्ट. चित्र हुबेहूब तेच दिसत नाही. डोळ्यांना सवय व्हावी लागते. हॅरिस हिमॅटॉक्सिलिन या रंजकाच्या मूळ कृतीतील मर्क्युरिक ऑक्साइडही विसरू नये. तेथे सोडियम आयोडेट चालते. उरलेला साठा मोरीत न ओतता घातक कचरा म्हणूनच सोपवावा.

जस्ताने पारा गेला तरी फॉर्मल्डिहाइड उरतेच. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला मानवी कर्ककारक ठरवले. त्यामुळे खेळती हवा व धूरशोषक कपाट अनिवार्य आहे. पाऱ्याविषयीचा मिनामाटा करार २०१७ मध्ये अमलात आला व भारताने २०१८ मध्ये त्यास मान्यता दिली. अचूक निदानासाठी पाऱ्याशिवाय गत्यंतर नाही, ही सबब आता उरलेली नाही.