रेगूर

शाळेच्या भूगोलात दख्खनच्या काळ्या मातीला ‘रेगूर’ म्हणतात. शेतकरी मात्र ‘काळी’ किंवा ‘भारी जमीन’ म्हणतो. रेगूर त्याच्या तोंडी क्वचितच. शब्द मूळचा तेलुगू, ‘रेगडी’. इंग्रजी राजवटीतल्या भूशास्त्रज्ञांच्या लेखणीतून त्याचा रेगूर झाला आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. अमेरिकी वर्गीकरणात हिचे नाव व्हर्टिसॉल, लॅटिन ‘व्हर्टेरे’ म्हणजे उलथणे यावरून. मला हे नाव जास्त नेमके वाटते. या मातीतले स्मेक्टाइट हे चिकणमातीचे खनिज पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते. खोल भेगा पडतात, वरची माती त्यांत ढासळते, पावसाळ्यात पुन्हा फुगून खालवर होते. जमीन आपली आपणच नांगरून घेते म्हणा ना!

पण हिचा निचरा मंद. कालव्याचे पाणी बेसुमार सोडले की पाणपातळी चढते, क्षार वर येतात, सोडियम साठतो आणि जमीन ‘चोपण’ होते: ओली असता चिकट, वाळली की टणक. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात अशी शिवारे दिसतात. त्यावर जिप्सम हा उपाय. मात्र आधी चर काढून निचरा करावा लागतो, नाहीतर पैसे मातीत.